घरच्यासारखा आवाज

डॉक्टरबाईंकडे दात दाखवायला गेलेल्या माणसाला दाताबरोबर देशाच्या कारभाराचंही निदान मिळायचं, आणि तेही फुकटात. एकदा का पेशंट खुर्चीत आडवा झाला, गालात कापसाचे बोळे आणि ओठाला लाळ ओढणारी नळी अडकवली, की बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. व्याजाचे दर वाढवले ते कसे चुकले, नव्या फोनसाठी रांगा लावणारे लोक कसे खुळे, कराचा नवा कायदा नेमका कुणाच्या पथ्यावर पडणार, सगळ्याचा निकाल त्या एका दाढेच्या वेळात लावत. पेशंट बिचारा "आं, आं" करायचा. बाई तो होकार धरायच्या.

"इतक्या एकमतानं चालणारी लोकसभा जगात दुसरी नसेल," असं त्यांचा दादा म्हणायचा.

दवाखाना तळमजल्यावर, मागच्या दोन खोल्यांत बाई स्वतः राहायच्या, आणि वरच्या मजल्यावर दादा आणि वहिनी. बाईंनी लग्न केलं नव्हतं. रात्रीचं जेवण तिघांचं वरच व्हायचं. दादा छापखान्यातून निवृत्त झाला होता. वहिनी मात्र अजून नोकरीवर जायची, सरकारी मदत-फोनवर. कुणाची पेन्शन अडली, कुणाचं पाणी बंद झालं, कुणाला दवाखान्यात खाट मिळेना, की लोक त्या नंबरवर फोन करत आणि कानाला हेडफोन लावून बसलेल्या बायांपैकी कुणीतरी तो उचलायची. केस काळेभोर होते तेव्हापासून वहिनी तिथं होती. घरी आली की ती फारशी बोलत नसे. "दिवसभराचं बोलून झालंय," म्हणायची आणि बाईंचं भाषण ऐकत भाजी चिरत बसायची.

पुढे एका पेशंटनं बाईंना सुचवलं, "डॉक्टर, हे सगळं तोंडात बोळे नसलेल्या लोकांनीही ऐकायला पाहिजे." बाईंना ते पटलं. दवाखान्यात एका कोपऱ्यात फोन उभा करायचा स्टँड आला आणि ‘तोंड उघडा’ या नावानं बाईंचे व्हिडिओ सुरू झाले. बघणारे थोडेच, बहुतेक त्यांचेच पेशंट, पण बाई दर आठवड्याला नेमानं बोलायच्या. बोलणं रोखठोक असायचं. मध्येमध्ये खरंही असायचं.

ज्या व्हिडिओनं घात केला तो रागाच्या भरात झाला. एक्स-रेच्या यंत्राचा परवाना संपत आला होता आणि संकेतस्थळावर अर्ज जात नव्हता. बाईंनी एका खात्याच्या नंबरवर फोन लावला. बराच वेळ बासरी वाजली, मग फोन तुटला. पुन्हा लावला, पुन्हा बासरी, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला आणि "साहेब जेवायला गेलेत" म्हणून ठेवून दिला. त्याच दुपारी बातमी होती, की माणसासारखं बोलून फोनवर उत्तरं देणारं यंत्र बाजारात आलंय. बाईंनी मास्क हनुवटीखाली ओढला आणि स्टँडपुढे उभ्या राहिल्या.

"यंत्राला डुलकी लागत नाही," त्या म्हणाल्या. "यंत्र चहाला उठत नाही. यंत्राचा साहेब जेवायला जात नाही. मग आपण कराच्या पैशातून या खुर्च्या का गरम ठेवायच्या? बंद करा ही सगळी फोनची दुकानं! मशीन बसवा, आणि वाचलेल्या पैशात शाळा बांधा. किडलेला दात ठेवून कुठं जबडा वाचतो होय?"

वहिनी त्याच खुर्च्यांपैकी एकीवर बसते हे बाईंना माहीत नव्हतं असं नाही. पण त्या वेळी ते त्यांच्या डोक्यात आलंच नाही. वहिनी म्हणजे वहिनी होती. ‘फोनवरची माणसं’ म्हणजे कुणीतरी दुसरी होती.

किडलेल्या दाताचं वाक्य लोकांना आवडलं. ज्यांनी बाईंना कधी पाहिलं नव्हतं अशांनीही तो तुकडा एकमेकांना पाठवला. दोनेक आठवडे गेले. एके दुपारी बाई एका पेशंटच्या दाढेत सिमेंट भरत होत्या, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून त्यांची मदतनीस मावशी ओरडली, "बाई, धावा! तुम्ही टीव्हीवर!"

पेशंटला तसाच आ वासलेला ठेवून बाई धावल्या. पडद्यावर मंत्री होते आणि मंत्र्यांच्या मागे भिंतभर बाई स्वतः, मास्क हनुवटीखाली, बोट उगारलेलं. वाक्य पूर्ण वाजलं. मग मंत्री म्हणाले, "हा आमचा आवाज नाही, हा जनतेचा आवाज आहे. जनतेची आज्ञा आम्ही शिरोधार्य मानतो." सगळ्या मदत-फोनच्या कचेऱ्या त्याच दिवसापासून बंद होणार होत्या आणि त्यांच्या जागी ‘सोबत’ नावाचं बोलणारं यंत्र येणार होतं.

बाईंचा विश्वास बसेना. इतकी वर्षं मतं देत होत्या, पण आपलं मत कुणी उचलून खरंच अमलात आणेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. समोरच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक अभिनंदन करायला आला. मावशीनं दोन्ही हातांनी बाईंची दृष्ट काढली. आतून पेशंट "आं" करत होता, त्याची दाढ कशीबशी पुरी करून बाई धापा टाकत जिना चढल्या. दादाला कधी एकदा सांगते असं झालं होतं.

दार उघडंच होतं. दादा टीव्हीसमोर बसला होता. आवाज बंद होता आणि पडद्यावर बाईंचं बोट वर-खाली होत होतं. वहिनी घरी होती. भर दुपारी ती कधीच घरी नसे. पलंगावर तिची कापडी पिशवी उपडी पडलेली होती. त्यातून चहाचा कप, पांढरा स्वेटर आणि हेडफोनची जुनी स्पंजची टोपणं बाहेर आली होती.

बाई उंबऱ्यातच थिजल्या. त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही. त्यांनी चौकट धरली.

"या ताई," वहिनी म्हणाली. "तुम्हाला तो हिरवा गाऊन छान दिसतो हो टीव्हीवर. चहा टाकते." आणि ती आत गेली.

"दादा," बाई कशाबशा बोलल्या, "मी हिच्याबद्दल नव्हते रे बोलले."

दादानं पडद्यावरची नजर काढली नाही. "बस," तो म्हणाला. "किडलेला दात चहा करतोय."

तो चहा बाईंनी कसा प्यायला ते त्यांनाच ठाऊक. वहिनीनं एक शब्द उणा काढला नाही, आणि तेच जास्त लागलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई लहानपणी म्हणायची. तेव्हा बाईंना हसू यायचं.

मग ‘सोबत’च्या उद्घाटनाचं निमंत्रण आलं. ‘जागरूक नागरिक’ म्हणून बाईंनी व्यासपीठावर बसायचं होतं. बाईंनी ठरवलं, जायचं आणि तिथंच सगळ्यांच्या देखत सांगायचं की माझं चुकलं, एका खात्याचा राग मी सगळ्यांवर काढला, या बायांना घरी बसवू नका. त्यांनी भाषण पाठ केलं. वहिनीला सांगायला त्या वर गेल्या.

"जा की," वहिनी भांडी पुसत म्हणाली. "बोलायला तुम्हाला कधी कुणाची परवानगी लागली होती?"

उद्घाटनाच्या सभागृहात दिवे इतके प्रखर होते की समोरची माणसं दिसत नव्हती. बाई खुर्चीत बसतात न बसतात तोच मंत्र्यांचा सचिव, गुळगुळीत दाढी केलेला एक तरुण गृहस्थ, कानाशी वाकला. "मॅडम, भाषण नाही. तुम्ही फक्त पहिला फोन लावायचा. काहीही विचारा, परवान्याचं विचारा."

बाईंच्या हातात फोन आला. त्याचा आवाज सभागृहातल्या कर्ण्यांना जोडलेला होता. बाईंनी नंबर दाबला. एकच घंटी वाजली.

"नमस्कार. मी सोबत बोलतेय. घाबरू नका, सावकाश सांगा. मी ऐकतेय."



‘सावकाश’च्या आधी जरासा थांबून घेतलेला तो श्वास. ‘सांगा’वर किंचित खाली उतरणारा तो सूर. त्यांचे वडील शेवटच्या आजारात रात्र रात्र भ्रमात ओरडायचे तेव्हा त्यांच्या उशाशी बसून वहिनी हेच म्हणायची, याच सुरात. तोच आवाज आता चारी भिंतींतून येत होता.

"आपला आवाज पोहोचत नाहीये," कर्णे म्हणाले. "काही हरकत नाही. सावकाश सांगा."

आयुष्यात ज्यांना कधी शब्द शोधावा लागला नव्हता त्या डॉक्टरबाईंची दातखिळी बसली. पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठं गेलं. तोंडातून एकच शब्द निघाला.

"वहिनी?"

सभागृहात हशा पिकला. बाईंनी समोरचा माईक ओढून घेतला. "हसू नका! हा माझ्या वहिनीचा आवाज आहे. माझ्या घरातला आवाज आहे हा!"

 मग मंत्री उठले, त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे पुसल्यासारखं केलं. "ऐकलंत?" ते म्हणाले. "जागरूक नागरिकाचे शब्द ऐकलेत? घरच्यासारखा आवाज! याहून मोठी पावती कुठली?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई "नाही, नाही" म्हणत राहिल्या, पण माईक एव्हाना सचिवाच्या हातात गेला होता.

त्या घरी आल्या तेव्हा वहिनी टीव्हीसमोर खुर्चीत ताठ बसलेली होती. एक हात गळ्यावर. दादा तिच्या शेजारी उभा होता, पाण्याचा पेला घेऊन.

"ताई," वहिनी म्हणाली, "मी इथं बसले होते आणि तिथं बोलत होते." आणि मग पुन्हा, जणू स्वतःलाच समजावून सांगावं तसं, "मी इथं होते हो."

दुसऱ्या दिवसापासून ‘घरच्यासारखा आवाज’ या शब्दांखाली बाईंचा फोटो बसथांब्यांवर झळकला. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले. त्या धक्क्याने हादरलेल्या क्षणाचा फोटो होता तो, आणि बघणाऱ्याला वाटायचं बाई आनंदानं हरखल्यात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

आणि वहिनीचं बोलणं बंद झालं. म्हणजे तिनं ते मुद्दाम केलं नाही. झालं असं, की तिनं गॅसच्या दुकानात फोन करून "नमस्कार" म्हटलं तर पलीकडचा माणूस "च्यायला, इथंही रेकॉर्डिंग!" म्हणून फोन ठेवून मोकळा झाला. बँकेत फोन केला तर पलीकडची मुलगी ऐकण्याऐवजी बटणं दाबत बसली. एकदा तर दवाखान्याच्या पायऱ्यांशी वहिनीनं एका म्हाताऱ्या पेशंटला "सावकाश चढा" म्हटलं आणि तो दचकून इकडंतिकडं कर्णा शोधू लागला. दादा पहिल्या वेळी हसला. नंतर कुणी हसलं नाही. वहिनी मानेनं हो-नाही करू लागली. तिघांचं जेवण चमच्यांच्या आवाजात उरकायचं.

बाईही खाली गप्प झाल्या. पेशंट काळजीनं मावशीला विचारू लागले, "डॉक्टरांची तब्येत बरी आहे ना?"

शेवटी बाई त्या सचिवाला भेटायला गेल्या. त्यानं त्यांना बसायला दिलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. राग यायला जागाच ठेवली नाही.

"मॅडम, आवाज तुमच्या वहिनींचा असेल," तो म्हणाला, "पण रेकॉर्डिंग खात्याचं आहे. ‘सेवेच्या दर्जासाठी हा कॉल ध्वनिमुद्रित होत आहे’ हे वाक्य प्रत्येक फोनच्या सुरुवातीला वाजत होतं. तुमच्या वहिनींनी ते रोज ऐकलंय."

"अहो, ते फोन करणाऱ्यासाठी होतं!"

"दोन्ही बाजूंचं ध्वनिमुद्रण व्हायचं ना." "वर्षानुवर्षांचे संवाद होते. यंत्र त्यातूनच शिकलं. बोलणं, धीर देणं, कुठल्या खात्याची कुठली अडचण कशी सोडवायची, सगळं. नाहीतर इतकं चांगलं कसं जमलं असतं? आणि खरं सांगू का, लोक खूश आहेत. बासरी बंद झाली. तुमचीच तर मागणी होती."

हे शेवटचं खोटं नव्हतं. यंत्र पटकन फोन उचलत होतं, बरोबर उत्तरं देत होतं. खुद्द बाईंचा परवानाही त्यातूनच मिळाला होता. बाहेर रस्त्यावर आल्यावर बाई एका दुकानाच्या पायरीवर बसल्या. आपण माणसांच्या जागी मशीन मागितलं, असं त्या समजत होत्या. त्यांनी तर माणसांचंच मशीन करून मागितलं होतं.

घरी येऊन त्यांनी हे सगळं वहिनीला सांगितलं. काही लपवलं नाही. लोक खूश आहेत हेही सांगितलं. वहिनी खाली मान घालून ऐकत होती. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली, आणि त्या आवाजानं दादासुद्धा दचकला.

"ताई, माझी नोकरी गेली त्याचा मला तुमच्यावर राग नाही. ती आज ना उद्या गेलीच असती. यंत्र आलंच असतं. पण तुम्हाला आमच्या कामाबद्दल बोलायचं होतं तर विचारायला मी होते ना! मध्ये एक जिना होता फक्त. रोज माझ्या हातचं जेवून खाली जात होतात. एकदाही विचारलंत, वहिनी, तू दिवसभर करतेस तरी काय?"

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. नव्हतंच विचारलं कधी.

"आता विचारते," त्या अखेर म्हणाल्या.

 वहिनीनं फोन उचलला आणि बरोबरच्या बायांना एकेकीला बोलावलं.

रविवारी दवाखान्याची बाहेरची खोली त्या बायांनी भरून गेली. सगळ्यांत बडबडी होती तिला कचेरीत ‘हसरी’ म्हणत, आणि सगळ्यांत जुनी होती ती ‘आक्का’. मावशीनं चहा दिला. वहिनीनं मधल्या टेबलावर फोन ठेवला, मदतीचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला. पेन्शन अडल्याचं खोटंच सांगितलं. यंत्र धीर देऊ लागलं.

"अगं बाई, तू!" एक जण वहिनीला म्हणाली.

"थांब, ऐक," आक्का म्हणाली. यंत्र म्हणत होतं, "असं बघा, एकेक करून सोडवू." आक्कानं हातातला कप खाली ठेवला. "हे माझं आहे. ‘असं बघा’ माझं आहे. मी माझ्या आजीकडून उचललेलं."

मग यंत्र लहानसं हसलं आणि सगळ्यांनी एकदम हसरीकडं पाहिलं. हसरीचं तोंड पांढरं पडलं होतं. मधला ‘हो ना, हो ना’ खिडकीशी बसलेल्या सडपातळ बाईचा निघाला. रागावलेल्या माणसाला शांत करायची ती मोठी, न टोकणारी शांतता कुणाची, यावर दोघींचा वाद झाला. यंत्रात वहिनी एकटी नव्हती. वरचा सूर तिचा, पण आत त्या सगळ्या होत्या, एकमेकींत मिसळलेल्या. कुणी हसत होत्या, एक जण रडत होती, आणि टेबलावरचा फोन प्रेमानं विचारत होता, "आणखी काही मदत करू का?"

"कर की," आक्का म्हणाली. "आमचा पगार कुणाकडं जातो ते सांग."

"क्षमस्व, ही माहिती माझ्याकडे उपलब्ध नाही," यंत्र वहिनीच्या आवाजात म्हणालं.

त्या खोलीतूनच प्रकरण कामगार न्यायालयात गेलं. बायांनी तक्रार केली, वहिनीचं नाव पहिलं. साक्षीला डॉक्टरबाई. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करणार कुणाची, असं दादा आधी म्हणत होता. पण सुनावणीला तोही इस्त्रीचा सदरा घालून आला.

सरकारी वकिलानं सर्वांत आधी काय केलं असेल? बाईंचाच व्हिडिओ लावला. हिरवा गाऊन, उगारलेलं बोट, किडलेला दात. वहिनी बाईंच्या डाव्या हाताला बसली होती. त्या वाक्याला तिनं पापणीही हलवली नाही.

"हे मत आपलंच ना?" वकिलानं विचारलं.

"माझंच."

"मशीन बसवा, असं आपणच म्हणालात?"

"म्हणाले," बाई म्हणाल्या. "पण मशीन बसवलंच कुठं, साहेब? माझ्या वहिनीला खुर्चीवरून उठवलं आणि त्याच खुर्चीवर माझ्या वहिनीलाच बसवलं. फरक एवढाच, की आता ती घरी जात नाही आणि तिला कुणी पगार देत नाही. हे मी मागितलं नव्हतं. आणि मी मागितलं असतं तरी, मी कोण? मला दाढा भरता येतात. मला जे माहीत नव्हतं त्यावर मी बोलले आणि तुम्हाला ते सोयीचं होतं म्हणून तुम्ही मला जनता केलंत."

लिहिणाऱ्या कारकुनाची बोटं थांबली. न्यायाधीश, चष्मा नाकावर आलेल्या एक प्रौढ बाई, पहिल्यांदाच वर पाहत्या झाल्या. त्यांनी वहिनीला उभं राहायला सांगितलं. "तुम्ही फोन उचलल्यावर काय म्हणायचात, ते म्हणून दाखवा."

वहिनीनं श्वास घेतला. "नमस्कार. घाबरू नका, सावकाश सांगा. मी ऐकतेय."

 सरकारी वकील समोरचे कागद सारखे करण्यात गुंतला.

निकाल अजून पुरता लागलेला नाही. नोकऱ्यांचं काय, यंत्राला मिळालेल्या शिकवणीचं मोल काय, हे वाद सुरूच आहेत आणि बायांचा वकील म्हणतो वर्षं जातील. पण तोपर्यंत या बायांचा आवाज वापरायचा नाही, एवढा हुकूम मात्र झाला. बसथांब्यांवरचे फोटो उतरले. वृद्धांसाठी एक छोटी कचेरी पुन्हा उघडली आणि त्यात आक्का आणि आणखी काही जणींना परत घेतलं. वहिनीला बोलावणं आलं नाही. तक्रारीत पहिलं नाव असणाऱ्याला येत नसतं. ती आता एका रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर बसते. समोर माणूस दिसतो, म्हणून बरं वाटतं, असं सांगते.

हुकुमाच्या आठवड्यात एका संध्याकाळी तिनं जेवणाआधी तो नंबर लावला आणि फोन तिघांच्या मध्ये ठेवला. एक सपाट, कुणाचाच नसलेला आवाज म्हणाला, "आपली अडचण सांगा."

 बाईंनी वहिनीकडं पाहिलं. त्यांना वाटलं, ती हसेल, निदान सुस्कारा तरी सोडेल. वहिनी नुसती ऐकत राहिली. आवाजानं पुन्हा विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारून फोन बंद झाला.

"मी गेले तिथून," वहिनी म्हणाली. आणि हे बोलताना तिला स्वतःलाच काय वाटलं कोण जाणे, तिचे डोळे भरून आले. "मलाच नको होतं ना ते? मग असं का वाटतंय, ताई?"

डॉक्टरबाईंना यावरही काही मत देता आलं असतं. त्यांनी दिलं नाही. त्या वहिनीच्या जवळ सरकून बसल्या आणि ती आणखी काही बोलते का याची वाट पाहू लागल्या.